लागोपाठ दोन पंचम

आमच्या घरात त्या उन्हाळ्यात रोज दुपारी जातं फिरायचं, आणि जात्यात काही नसायचं. एवढं एक वाक्य लिहून मी पेन ठेवला, उठले, चहा करून घेतला आणि परत येऊन बसले. लोक विचारतात, आजी, ते दोन सुरांचं लिहिणं तुम्ही शिकलात कुठं? मी सांगते, बाई, कुठंच नाही, सोनपेठला एका बँडमास्तरांच्या घरी उन्हाळाभर वही भरली, तेवढंच. ते खोटं नाही. पण ती वही आणि ते जातं या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवून सांगता येत नाहीत, म्हणून आजवर अर्धंच सांगत आले. आता सत्तरी आली. उरलेलं अर्धं कुणासाठी ठेवायचं?

आमचं घर बौद्धवाड्याच्या कडेला, दोन खणांचं, पुढं पत्र्याची पडवी. पडवीच्या कोपऱ्यात जातं. गावात गिरणी आली होती, त्यामुळं ज्वारी कुणी घरी दळत नव्हतं. पण तुरी भरडायला, कण्या काढायला जातं लागायचंच, आणि ते काम दुपारचं. माय आणि माझी थोरली बहीण सुंदर, म्हणजे अक्का, समोरासमोर बसायच्या. जात्याचा खुंटा एक, हात दोन. मायचा खाली, अक्काचा वर. दोघी गायच्या. काय गायच्या ते मला कधी नीट कळलं नाही, शब्द थोडे आणि नुसता आऽऽ जास्त. मी खांबाला टेकून पेंगायची. त्या दोघींच्या आवाजात आणि जात्याच्या घरघरीत मला जी झोप लागायची, तशी झोप पुढं आयुष्यात लागली नाही. अक्का दीक्षेच्या आधीची म्हणून तिचं नाव जुन्या चालीचं. मी नंतरची, म्हणून गौतमी. मायच्या तोंडी मात्र सुंद्रे आणि गौतमे, दोन्ही हाका एकाच मापाच्या.

आदल्या पावसाळ्यात अक्का तापानं गेली. अठरा वर्षांची होती, माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठी. नऊ दिवस ताप उतरला नाही. दहाव्या दिवशी सकाळी तिनं पाणी मागितलं, आणि मी तांब्या घेऊन येईपर्यंत ती नव्हती. तो तांब्या हातात घेऊन मी किती वेळ उभी होते, आठवत नाही.

हिवाळाभर माय गप्प होती. काम करायची, पण कुणाकडं बघायची नाही. मग ऊन तापायला लागलं आणि एका दुपारी ती उठून जात्यावर जाऊन बसली. समोर अक्काचं बसायचं पोतं अंथरलं. खुंटा अगदी बुडाशी धरला, वरचा भाग मोकळा सोडून, आणि जातं फिरवायला लागली. रिकामं. दाणे असले की जातं घुमतं. रिकामं असलं की दगड दगडाला खातो आणि तो आवाज आपल्या दाढांत उतरतो. आणि माय गायला लागली. आधी थोडी गप्प बसायची, कुणीतरी उचलावं म्हणून वाट बघितल्यासारखी. मग तिचा सूर सुरू व्हायचा. डोळे मिटलेले. समोरचं पोतं रिकामं, खुंट्याचा वरचा भाग रिकामा, आणि तरी जातं असं फिरायचं जसं दोघींनी फिरवावं, हलकं.

"वैनी!" कुडाच्या पलीकडून गयामावशी ओरडायची. "रिकामं जातं फिरवायलीस कामून गं? दगडाला भूक लागती म्हन्तेत. मग त्यो घरातलं मानूस मागतो!"

मायला ऐकूच जायचं नाही. गयामावशी माझ्याकडं वळायची. "आगं पोरी, तू तरी सांग की! का बसलीस वासरावानी बघत?" मी बघतच होते. मायचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं. तीही कोर मोडून ठेवून द्यायची. गळ्याजवळची हाडं वर आली होती. माय आमच्यातून हळूहळू उठून कुठंतरी चालली होती, आणि ती कुठं चालली हे मला, दादांना आणि गयामावशीला, तिघांनाही ठाऊक होतं.

दादा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेत गुरुजी. दुपारी मी त्या आवाजात घरी बसू नये म्हणून असेल, त्यांनी मला करीम मास्तरांकडं धाडलं. करीम मास्तर हैद्राबाद संस्थानच्या फौजेत बँडमास्तर होते. संस्थान गेलं, बँड मोडला, आणि ते सासुरवाडीच्या गावी, सोनपेठला येऊन राहिले. बायको वारलेली. आठवडी बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांची एक खोली, खोलीत एक पायपेटी, भिंतीला एक क्लॅरिनेट, आणि डोळ्यांत मोतीबिंदू इतका की उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. त्यांना अक्षर चांगलं असलेलं कुणीतरी पाहिजे होतं. दादा आधी तयार नव्हते.

"मास्तर, आमच्या बापानं गावकी सोडली त्या दिवशी घरातलं डफडं चुलीत घातलं," दादा त्यांच्या दारात उभे राहून म्हणाले, मी मागं. "त्या जाळावर चहा केला आणि सगळ्या वाड्याला पाजला. आमच्या घरात पुन्हा वाजवणारं कुणी होणार नाही."

"तो बजाने कू कौन बोलरा, गुरुजी?" मास्तर म्हणाले. "मेरेकू लिखनेवाली होना."

लिहिण्याला आमच्या घरात कधीच हरकत नव्हती. दादा अट घालून गेले: पोरगी पेटीला हात लावणार नाही. तर अशी मी संगीत शिकले, एकही सूर न वाजवता.

"नाम?" मास्तरांनी विचारलं.

"गौतमी."

"गौतमाबी. अच्छा. लिखावट कैसी है?"

"दादा म्हणतात मोत्यासारखी."

"बाप तो बोलेगाच," ते म्हणाले आणि माझ्या ओंजळीत फुटाणे ओतले.

काम असं होतं. त्यांच्या तरुणपणी एका गोऱ्या साहेबानं त्यांना दोन आवाजांचं लिहिणं शिकवलं होतं. त्या शिकवणीची निळ्या पुठ्ठ्याची लांबलचक वही होती. वरच्या पाच रेघांवर एक ओळ, खालच्या पाच रेघांवर दुसरी, सूर म्हणजे रेघांवर ठेवलेले ज्वारीचे दाणे. त्या वहीला वाळवी लागली होती. कुठं वरची ओळ शाबूत आणि खालच्या जागी भोक, कुठं खालची शाबूत आणि वरची गेलेली. मास्तर मरायच्या आधी वही पुरी करून ठेवणार होते. "वाळवी खाई सो खाई," ते म्हणाले. "एक बचा, तो दूसरा हम निकाल लेंगे. कायदा मालूम रहा तो गया हुआ सुर वापस आता, बेटी." हे वाक्य ते अगदी सहज म्हणाले. माझ्या अंगावर काटा आला तो का आला, ते त्या दिवशी मला कळलं नव्हतं.

मग कायदे. दोन ओळींतली एक दिलेली असते, ती हलवायची नाही. तिचं खरं नाव मास्तर कुठल्याशा परक्या भाषेत घ्यायचे, ते माझ्या जिभेला वळेना. मी म्हटलं, आपण हिला खुंटा म्हणू, जात्याचा असतो तसा, एका जागी पक्का. "खूँटा! सही बोली," म्हणून ते इतके हसले की ठसका लागला. दुसरी ओळ आपण लिहायची, ती जोडी. पहिल्या धड्यात खुंट्याच्या एका सुराला जोडीचा एक सूर. पुढच्यात एकाला दोन, मग एकाला चार, मग एक सूर पुढच्या सुरापर्यंत लटकत ठेवून सोडवायचा. पण मास्तरांनी मला पहिल्याच धड्यावर महिनाभर ठेवलं. ते म्हणायचे, एकाला एक ज्याला जमलं त्याला माणसात राहणं जमलं. तीन घरांचं अंतर, म्हणजे सा असताना ग, आणि सहा घरांचं, म्हणजे सा असताना ध, ही गोड, ती पाहिजे तेवढी घ्या. आठ घरांचं अंतर, सा-ला वरचा सा, सुरुवातीला आणि शेवटाला. सगळ्यांत उंच सूर एकदाच, परत परत टेकडीवर चढायचं नाही. आणि खुंटा चढला तर शक्यतो जोडीनं उतरावं. विहिरीवर एक बादली वर येते तेव्हा दुसरी खाली जाते, तसं. दोघींनी एकमेकींचं ऐकायचं, पण पाय एका मापात टाकायचे नाहीत.

आणि एक गोष्ट बिलकूल मना. पाच घरांचं अंतर, म्हणजे सा असताना प, एकदा चालेल. पण लागोपाठ दोन वेळा नाही. सा-ला प धरला आणि लगेच रे-ला ध धरला, तर ओळ खोडायची.

मी नेमकं तेच करायची. लिहून झालं की मास्तरांना दिसायचं नाही, म्हणून दोन्ही ओळी मोठ्यानं वाचून दाखवायच्या. सा-प, रे-ध म्हटलं की मास्तरांचं बोट वर. "पाँच. फिर पाँच. काट." दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. मला रडू यायचं.

"रो मत," ते म्हणाले. "ये इधर की बीमारी है. ताडकळस का क्लॅरिनेटवाला आया, वोइच गलती. राणीसावरगाव के दो भाई आये, वोइच गलती. तुमारे इधर औरतां मिलके गाते ना, तो जिसका आवाज ऊपर नई पहुँचता, वो सीधा पाँच घर नीचे उतर के गाती. एकदम बाजू-बाजू से चलते दोनों. बचपन से सुन-सुन के वो पाँचवां कान में घर करके बैठा."

खरंच होतं. आमचा विहार म्हणजे तेव्हा चार पत्रे आणि एक सतरंजी; तिथं वंदना म्हणताना म्हाताऱ्या बाया खाली आणि पोरी वर, असंच चालायचं, आणि कुणाला ते दोन आवाज वाटायचेच नाहीत.

आता मुख्य गोष्ट. एक दिवस लिहायला काही नव्हतं, मास्तर म्हणाले, घरात काय ऐकतेस ते लिहून आण, कान तपासू. मी मायचं गाणं लिहून नेलं. आठ सूर होते, फिरून फिरून तेच: सा रे ग रे म ग रे सा. माय सुरुवातीला गप्प बसते ती जागाही मी मोकळी दाखवली, कारण गप्प बसण्यालाही खूण असते हे मास्तरांनी शिकवलं होतं. मी वाचून दाखवलं. मास्तरांनी पायपेटीवर ते आठ सूर वाजवले. परत वाजवले. मग भात्याचा पाय थांबवून म्हणाले, "ये कौन गाती?"

"माय."

"और ऊपर कौन गाता?"

मी म्हटलं, कुणी नाही, एकटीच गाते. मास्तर मान हलवत राहिले. "नई बेटी. ये पहिली नई है. पहिली कभी चुप नई बैठती. जो चुप बैठ के, सुन के, बाद में मिलती, वो दूसरी. तेरी माँ किसी के साथ गा रई."

बाहेर टळटळीत ऊन होतं. बाजाराच्या मोकळ्या ओट्यांवर एक कुत्रंसुद्धा नव्हतं. मी वही छातीशी धरून घरी आले, आणि वाड्याच्या कडेला पोचेपर्यंत जात्याचा आवाज माझ्या समोरून येत होता.

आता मला एकच नाद लागला. खुंटा असेल तर जोडी काढता येते आणि जोडी असेल तर खुंटा. गेलेला सूर परत येतो. मी दोन दिवस बसून मायच्या ओळीच्या वरची ओळ कायद्यानं काढली, गोड, तीन घरांची, सहा घरांची. दुपारी मायजवळ जाऊन बसले आणि हळूच गायला लागले. माय दचकली. तिनं खुंटा सोडला आणि हात असा मागं घेतला, जसा चटका बसल्यावर घेतात. "ही कोन आनलीस?" ती म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून निजली. संध्याकाळी तिनं भाकरीला हातसुद्धा लावला नाही.

त्या संध्याकाळी मी खांबाला टेकून बसले होते, आणि मला माझी वही आठवली, रोजची तीच चूक, तीच खोडलेली ओळ. ती चूक मला शिकवली कुणी? विहारात तर मी पौर्णिमेला जायची. रोज, पाळण्यात असल्यापासून, ऐकलं काय होतं? तर त्या दोघींना. मायच्या सा-ला अक्काचा प. मायच्या रे-ला अक्काचा ध. बाजूबाजूनं, शेवटपर्यंत. काही लिहून काढायची गरजच नव्हती. ती ओळ माझ्या कानात जशीच्या तशी बसलेली होती आणि मी महिनाभर तीच खोडत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अक्काच्या पोत्यावर बसले. माय खुंट्याच्या बुडाशी हात धरून गप्प, वाट बघत. मी वरचा भाग धरला आणि प लावला. मायनं लगेच सा लावला. आम्ही चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. आणि तिसऱ्या की चौथ्या फेऱ्याला जात्याच्या खालून, जमिनीतून, एक तिसरा आवाज यायला लागला. बाईचा म्हणवत नव्हता, पुरुषाचाही म्हणवत नव्हता. मायच्या आवाजाच्या बरोबर आठ घरं खाली, आणि आम्ही हललो की तोही हलायचा. आम्ही श्वास घेतला की तोही थांबायचा.

मायनं डोळे उघडले नाहीत. पण हसली. "सुंद्रे," ती म्हणाली, "लय येळ केलास गं."

त्या रात्री माय दीड भाकरी जेवली. दुसऱ्या दिवशी तिनं येसराचा मसाला वाटला, आमटी केली, जवसाची चटणी कुटली. दादांना घास गिळेना इतका आनंद झाला. आणि मी रोज दुपारी जात्यावर बसायला लागले. बसायचंच होतं. मी बसले की माय जेवायची.

माय माझी वेणी अक्कासारखी घालायला लागली, भांग डावीकडं. अक्काचं हिरवं पोलकं ट्रंकेतून निघालं, माझ्या मापाचं करून दिलं. हाक मारायची ती सुंद्रे. गयामावशी एकदा माझ्याकडं बघून बोलायची थांबली. "आगं, तू चालायलीस बी तिच्यावानी," ती म्हणाली, आणि नंतर काही दिवस कुडाजवळ आली नाही. मी दादांना म्हटलं, "मला भ्या वाटायलंय." दादा माझ्याकडं न बघता म्हणाले, "चाललंय ते चालू दे, पोरी. ती जेवायलीय." आणि त्यानंतर चारेक दिवसांनी, संध्याकाळी, वर्तमानपत्रातून मान वर न करता ते म्हणाले, "सुंदर, तांब्या भर." मी 'जी' म्हटलं. उठले, भरला, त्यांच्या हातात दिला. आणि देऊन झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, की मी ओ दिली होती.

मी मास्तरांकडं जायचं सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी गेले. दारात पाऊल टाकलं, तर ते म्हणाले, "कौन?"

"मी."

"मी कौन?"

मला नाव सांगायला वेळ लागला. मास्तरांनी आंधळे डोळे माझ्या दिशेनं वळवले. "गौतमाबी? तेरा आवाज किधर गया? ये तो किसी और का है."

मग मी सगळं सांगितलं. प आणि ध, हिरवं पोलकं, तांब्या. खालच्या आवाजाबद्दल सांगितलं तेव्हा ते चकित झाले नाहीत. "वो तो आता. बँड में दो क्लॅरिनेट पाँच घर पे सीधे चले तो नीचे तीसरा बजता. हम उसकू बोलते, वो जवान जिसका नाम हाजिरी में नई." ते जरासे हसले आणि हसणं अर्ध्यात थांबलं. माझी नात इंजिनिअरिंग शिकते, तिनं मला अलीकडं समजावून सांगितलं की असा तिसरा आवाज कान स्वतःच तयार करतो, त्यात काही नाही. असेल. ती शिकलेली आहे. पण आमची घरघंटी दुपारी चालू झाली, की आजही माझा गळा आपोआप तिच्यावर पाच घरं शोधायला लागतो, आणि मी तोंडात लवंग टाकते.

"सुन," मास्तर म्हणाले. "पाँचवां लागोपाठ क्यों मना है, मैंने तेरेकू कभी बोला नई. कान कू बुरा लगता, ऐसा नई. अच्छाच लगता. पन दो आवाज दो नई रहते. एक होता. दूसरा उसके अंदर चले जाता. अब तू सोच, तुम तीनों में कौन जारा."

खोलीत पायपेटीचा भाता आपोआप बसल्याचा बारीक उसासा आला. मला मायची हाडं आठवली आणि दीड भाकरी आठवली. मी न बसले तर माय जाईल. मी बसत राहिले तर मी जाईन. चौदा वर्षांच्या पोरीला हे असं स्वच्छ दिसलं, आणि ते एका वहीमुळं दिसलं.

मी तिथंच लिहायला बसले. मायची ओळ खाली, तिला हात नाही. वर माझी. आधी काढलेली ओळ मी फाडली. ती कायद्यानं बरोबर होती, पण मी ती अक्काला शोधत लिहिली होती. ही मी कुणालाच शोधत लिहिली नाही. अक्का प-नं उचलायची, मी वरच्या सा-नं उचलायचं ठरवलं. माय चढेल तिथं शक्यतो मी उतरणार. सां नि प ध रें सां नि सां. माय म-वर पोचते तिथं माझा सगळ्यांत उंच सूर, एकदाच. आणि शेवटी माय रे-वरून खाली सा-वर येईल, मी नि-वरून वर सा-वर जाईन. मी वाचून दाखवलं. मास्तरांचं बोट एकदाही वर झालं नाही.

"वो रुकेगी," ते म्हणाले. "तू मत रुक."

घरी आले. पोलकं काढून माझा जुना फ्रॉक घातला. वेणी सोडून भांग मधोमध पाडला. पडवीत ऊन पत्र्यातून खाली सांडत होतं, कावळासुद्धा ओरडत नव्हता. माय खुंट्याच्या बुडाशी हात धरून गप्प बसलेली. मी पोतं बाजूला सारलं, भुईवर बसले, वरचा भाग धरला आणि वरचा सा लावला.

मायनं मान तिरकी केली. पण सवयीनं तिचा सा आला. ती रे-वर चढली, मी नि-वर उतरले. ती ग-वर गेली, मी आणखी खाली. आमच्या दोघींत जागा झाली, आणि त्या जागेत तो खालचा आवाज वाट चुकल्यासारखा इकडं तिकडं फिरायला लागला, कधी जात्याखाली, कधी माझ्या पाठीशी, इतका जवळ की मानेवरचे केस उभे राहिले. माय थांबली. मी थांबले नाही. एकटीच गात राहिले, एकटीच जातं ओढत राहिले, आणि एकट्या हाताला ते किती जड असतं ते त्या दिवशी कळलं. माझा आवाज फाटत होता. पण तो माझा होता, जाडाभरडा, अक्काच्या आवाजासारखा मुळीच नाही.

"कोन हाय?" माय म्हणाली. डोळे मिटलेलेच.

"मी. गौतमी."

"सुंद्रा कुठाय?"

हे मी लिहिलेलं नव्हतं. याचा कायदा मास्तरांनी सांगितला नव्हता. "ती न्हाई, माय," मी म्हटलं. "ती गेली. मी हाय."

मायच्या घशातून एक आवाज निघाला, जो नऊ महिने निघाला नव्हता, अक्काला उचललं तेव्हासुद्धा नाही. तो कितीतरी वेळ निघत राहिला. कुडापलीकडं गयामावशीचं भांडं खाली पडलं. मी जातं थांबवलं नाही. मग मायनं पदरानं तोंड पुसलं, हात पुढं करून खुंटा धरला, आणि आपण होऊन सा लावला. वाट न बघता. गप्प न बसता. पहिली. मी तिच्यावर माझा सा ठेवला आणि आम्ही दोघी निघालो, ती तिच्या वाटेनं, मी माझ्या, आणि शेवटाला ती खाली उतरून आणि मी वर चढून एकाच सुरावर पोचलो. तिनं डोळे उघडले. माझा भांग बघितला. फ्रॉक बघितला. माझ्या गालाला हात लावला, तिच्या बोटांना दगडाची पांढरी भुकटी लागलेली होती. मग तिनं जात्याच्या तोंडात बोट घालून बघितलं.

"गौतमे," ती म्हणाली, "ह्यात तर काईच न्हाई गं. रिकामं जातं फिरवू नाई, माय. जा, घरातून तुरी आन."

मी उठले. उंबऱ्यापाशी पोचले तेव्हा मागं वळून बघितलं. मायनं खुंटा सोडला होता, दोन्ही हात मांडीवर होते, जातं थांबलेलं होतं. तो खालचा आवाज मात्र आणखी थोडा वेळ चालू होता. मग तोही बसला. मी तुरीच्या गाडग्यात दोन्ही हात घातले आणि ओंजळ भरून तुरी आणल्या.